शिल्लक पुढे नेली

सुरुवातीलाच एक खुलासा करून ठेवतो. मी 'स्टार ट्रेक'चा भक्त नव्हे. भक्त आहेत ते आमचे मेहुणे. ते राहतात ठाण्याला, पण त्यांचा मुक्काम बाराही महिने अंतराळात असतो. एंटरप्राइज या यानाचा नंबर एनसीसी-१७०१ हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतात. स्वतःच्या स्कूटरचा नंबर सांगायला मात्र त्यांना खाली पार्किंगमध्ये जाऊन यावं लागतं. त्यांच्या लग्नात फोटोच्या वेळी सगळ्यांनी हात जोडले, तर या गृहस्थांनी उजवा पंजा उभा धरून बोटं दोन-दोनच्या जोड्यांनी फाकवली. व्हल्कन ग्रहावरचा तो नमस्कार आहे म्हणे. फोटोग्राफरला वाटलं, नवरदेवाच्या बोटाला लागलंय. एका मावशींनी तर हळदीची वाटी पुढे केली.

माझं या मालिकेशी नातं बचत खात्याचं. अधूनमधून थोडं टाकायचं, थोडं काढायचं, आणि वर्षातून एकदा व्याज किती लागलं ते बघायचं. मेहुण्यांचं नातं मुदत ठेवीचं. गुंतले ते गुंतलेच. तेव्हा पुढचा इतिहास एका किरकोळ खातेदाराने सांगितलेला आहे हे लक्षात असू द्या. शिवाय खातेदार धंद्याने बँकेतला कारकून आणि शिक्षणाने बी.कॉम. असल्यामुळे इतिहासात जमाखर्च जरा जास्त येईल. त्याला इलाज नाही. सोनाराला देवळात नेलं तरी तो आधी मूर्तीच्या गळ्यातला हार बघतो.

आता एवढ्या किरकोळ खातेदाराने इतिहास लिहायला का बसावं? त्याला कारण झालं एक पासबुक. मार्चअखेरच्या गर्दीत एक निवृत्त मास्तर आमच्या काउंटरवर आले, आणि ते गेल्यावर मला घरी पोचेपर्यंत मिस्टर स्पॉक आठवत राहिला. या दोघांचा संबंध काय हे सांगायचं तर साठ वर्षं मागे जावं लागेल. तेवढा धीर धरा. बँकेत आल्यावर तुम्ही धरताच.

माझी 'स्टार ट्रेक'शी पहिली ओळख झाली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. शेजारच्या काकांकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून आम्ही सातआठ पोरं त्या शटरसमोर मांडी घालून बसत असू. इंग्रजीचं अक्षर कळत नसे. जे कळे ते एवढंच, की काही माणसं एका मोठ्या खोलीत टीव्ही बघत बसलेली आहेत, मधूनच यानाला धक्का बसतो, आणि सगळेजण आधी डावीकडे आणि मग उजवीकडे पडतात. एवढं तारे ओलांडणारं यान, पण खुर्चीला धरायला दांडा नाही! आमच्या एस.टी.त निदान तेवढी तरी सोय होती.

त्या टीव्हीमुळे एक गोष्ट मात्र माझ्या हातून निसटली. यानावरच्या लोकांचे सदरे तीन रंगांचे असत. पिवळसर, निळे आणि लाल. नव्या ग्रहावर लाल सदऱ्यातला एखादा अनोळखी गडी उतरला की त्याचं काही खरं नाही, हे जगभरच्या प्रेक्षकांना पाठ होतं. आमच्याकडे सगळेच करडे. त्यामुळे कोण मरणार हे आम्हांला शेवटपर्यंत कळत नसे, आणि ही मालिका फार रहस्यमय आहे असं माझं कित्येक वर्षं प्रामाणिक मत होतं.

मूळ दुकान उघडलं ते ८ सप्टेंबर १९६६ला, अमेरिकेत, एनबीसी या वाहिनीवर. कर्ताकरविता जीन रॉडनबेरी. हा गृहस्थ आधी वैमानिक, मग लॉस एंजेलिसच्या पोलिस खात्यात, मग टीव्हीचा लेखक. त्या काळी तिकडे काउबॉयांच्या मालिका जोरात चालत. रॉडनबेरीने आपला माल खपवला तो असा, की हे तेच आहे. फक्त घोडागाड्यांच्या तांड्याऐवजी यान आणि माळरानाऐवजी तारे. कर्जाच्या अर्जात 'कारण' या रकान्यात लोक जे लिहितात आणि पैसे हातात पडल्यावर जे करतात, त्यांत जेवढं अंतर असतं तेवढंच इथंही होतं.

मालिका काढली डेसिलू कंपनीने, म्हणजे ल्युसिल बॉल या विनोदी नटीच्या स्टुडिओने. पहिला नमुना भाग वाहिनीने परत पाठवला. फार डोक्याचं काम आहे म्हणाले. पण आश्चर्य असं, की अर्ज फेटाळून झाल्यावर त्याच माणसाला 'दुसरा करून आणा' असंही सांगितलं. दुसरा नमुना झाला तेव्हा पहिल्यातला कप्तान गेला, बाकीची पात्रंही गेली. उरला एकटा टोकदार कानांचा स्पॉक. म्हणजे मालिका सुरू व्हायच्या आधीच तिची एकदा नव्याने मांडणी झाली होती, आणि तेव्हाही मागची शिल्लक म्हणून पुढे आला तो स्पॉकच. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आम्हां कारकून मंडळींना या मालिकेबद्दल जी जवळीक वाटते ती तिच्या काटकसरीमुळे. दर आठवड्याला एवढं मोठं यान नव्या ग्रहावर उतरवायचं म्हणजे खर्च फार. मग युक्ती काढली, की यान उतरवायचंच नाही. माणसाला एका चौथऱ्यावर उभं करायचं, अंगाभोवती चमचम करायची, की तो खाली ग्रहावर हजर. सगळ्या विज्ञानकथांत गाजलेला हा शोध मुळात प्रवासखर्च वाचवण्यासाठी लागलेला आहे! आमच्या हेड ऑफिसला अजून हे कळलेलं नाही, नाहीतर आमचा टी.ए. केव्हाच बंद झाला असता. यानाचे दरवाजे आपोआप उघडत, म्हणजे पडद्यामागे माणसं उभी राहून ते ओढत. डॉक्टरांची काही अजब उपकरणं म्हणजे मुळात जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या होत्या. पुढच्या शतकातली शस्त्रक्रिया मिठाच्या बाटलीने करून दाखवायची आणि बघणाऱ्याला हसू येऊ द्यायचं नाही, याला मी खरा अभिनय म्हणतो.

पण काटकसर होती ती सामानात, माणसांत नव्हती. त्या यानाचा स्टाफ बघा. संदेशवहनाच्या खुर्चीत उहुरा, म्हणजे निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय नटी. यान हाकायला सुलू, म्हणजे जॉर्ज ताकेई. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं, तेव्हा हा ताकेई पाच वर्षांचा पोर होता आणि घरच्यांबरोबर तिकडेच होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत १९६७पासून चेकॉव्ह नावाचा रशियन, तोही शीतयुद्धाच्या ऐन भरात. आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा स्पॉक तर अर्धा परग्रहावरचा. माणसांच्या हातून जमिनीवर जे जमत नव्हतं ते यांनी निदान पुठ्ठ्याच्या यानात तरी जमवून दाखवलं. लोकांचा जीव जडला तो यावर.

मात्र जीव जडणं वेगळं आणि प्रेक्षकसंख्या वेगळी. दुसऱ्या वर्षीच मालिका बंद होणार अशी आवई उठली. तेव्हा चाहत्यांनी हजारो पत्रं पाठवून वाहिनीला जेरीस आणलं, आणि १९६८च्या मार्चमध्ये मालिका चालू राहील असं वाहिनीला पडद्यावर जाहीर करावं लागलं. पण हेड ऑफिस कुठलंही असो, ते हरल्यासारखं दाखवतं आणि मग बदली करतं. मालिकेची बदली झाली शुक्रवारी रात्री दहा वाजता, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असतात तेव्हा. वर बजेट कापलं. तिसऱ्या वर्षाअखेर खेळ खलास. सुरुवातीला दर भागात पाच वर्षांच्या मोहिमेची घोषणा व्हायची. प्रत्यक्षात ७९ भाग आणि तीन वर्षं. मुदतीआधी मोडलेली ठेव. शेवटचा भाग लागला ३ जून १९६९ला, आणि पुढच्याच महिन्यात माणूस खरोखर चंद्रावर उतरला. नशीब म्हणतात ते हे.

गंमत अशी, की खातं बंद झाल्यावर त्यावर व्याज सुरू झालं. सत्तरच्या दशकात तिकडच्या गावोगावच्या केंद्रांवर जुने भाग पुन्हा पुन्हा लागू लागले आणि चाहते वाढतच गेले. १९७६ साली अमेरिकेचं पहिलं स्पेस शटल तयार झालं, तेव्हा पुन्हा पत्रांचा पाऊस पडला आणि सरकारने त्याचं नाव 'एंटरप्राइज' ठेवलं. ते फक्त चाचण्यांसाठी होतं. अंतराळात कधीच गेलं नाही. पुठ्ठ्याचं यान विश्वभर हिंडलं आणि लोखंडी यान जमिनीवर राहिलं. हा हिशेब मी अनेकदा ताडून बघितला, पण ताळा काही जमत नाही.

१९७७ साली 'स्टार वॉर्स'ने गल्ला भरला, तेव्हा पॅरामाउंट कंपनीला आपल्या तळघरातलं हे जुनं खातं आठवलं. १९७९च्या डिसेंबरात पहिला चित्रपट आला. खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास. चित्रपट असा संथ, की त्यात यानाकडे नुसतं बघत राहण्यातच बराच वेळ जातो. तरीही आपण मुंबईकर-पुणेकरांनी तो एकदा बघायला हवा, कारण त्यात आपली पर्सिस खंबाटा आहे. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ची मिस इंडिया. इलिया या परग्रहावरच्या तरुणीच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या बाईने असं करायला जी छाती लागते, ती त्या चित्रपटातल्या बाकीच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा मोठी, असं आमच्या सौ.चं मत आहे. पर्सिस १९९८ साली मुंबईतच वारली.

१९८२चा दुसरा चित्रपट पहिल्याच्या साधारण पाव खर्चात झाला, आणि आजही सगळ्यांत चांगला तोच मानतात. काटकसर पुन्हा फळाला आली. त्यातला खलनायक खान. हे पात्र १९६७च्या एका भागातलं, आणि त्याच्याशीही आपलं नातं आहे. खानचं पूर्ण नाव खान नूनियन सिंग. तो बहुधा उत्तर हिंदुस्थानातला शीख असावा असं त्या भागात सांगतात, आणि भूमिका करणारा रिकार्दो मोंतालबान हा मेक्सिकोचा. नाव खान, आडनाव सिंग, चेहरा मेक्सिकन. आमच्या शाखेत याचं केवायसी होऊन खातं उघडलं असतं, तर मी राजीनामा दिला असता. कथेप्रमाणे हा खान १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या पाव भागावर, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, राज्य करत होता. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडे कुणी आल्याचं आठवत नाही.

याच चित्रपटात स्पॉक मरतो. यान वाचवण्यासाठी तो किरणोत्साराने भरलेल्या कोठडीत शिरतो, आणि काचेच्या पलीकडून मित्राचा निरोप घेतो. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटात तो परत येतो. आपल्याकडच्या पौराणिक नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला यात काही खटकत नाही. पुढे १९९१पर्यंत जुन्या मंडळींचे एकूण सहा चित्रपट झाले. तोवर कप्तान कर्कच्या गणवेशाची बटणं ताणू लागली होती. मग दुसऱ्या पिढीचे चार झाले. त्यांतला शेवटचा २००२ साली आला आणि आपटला. २००५ साली टीव्हीवरची मालिकाही बंद झाली. खातं पुन्हा निष्क्रिय.

इथं 'रीबूट' या शब्दाचा खुलासा करायला हवा. आमच्या शाखेत मशीन अडलं की आम्ही हेल्प डेस्कला फोन करतो. तिकडचा मुलगा आमची तक्रार मन लावून ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "सर, एकदा बंद करून चालू करा." सिनेमाच्या धंद्यातही तेच. मालिका अडली की बंद करायची आणि पहिल्यापासून चालू करायची. नट नवे, कप्तान तरुण, कथा पुन्हा पहिल्या दिवसापासून. फक्त एकच भानगड असते. मशीन बंद केलं की आधी टाईप केलेलं, जतन न केलेलं, सगळं जातं.

२००९ साली जे.जे. एब्रम्स या दिग्दर्शकाने 'स्टार ट्रेक' बंद करून चालू केलं. मी ते थिएटरात जाऊन बघितलं, पण त्यात भक्तीचा भाग नव्हता. त्या उन्हाळ्यात हिंदी निर्मात्यांचं आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं उत्पन्नाच्या वाटणीवरून भांडण जुंपलं होतं, आणि नवे हिंदी सिनेमे लागतच नव्हते. लग्नाला वर्ष झालेलं, सौ.ला सिनेमाला नेण्याचं कबूल केलेलं, आणि पुण्यात मेहुणे आलेले. ते म्हणाले, "भावोजी, चला. पण सांगून ठेवतो, यांनी वाट लावलेली असणार." भक्त देवळात जातानाही नव्या पुजाऱ्याच्या चुका मोजायला जातो.

पहिल्या दहा मिनिटांतच आमची सौ. रडायला लागली. भविष्यातून एक सूडाने पेटलेला माणूस मागच्या काळात येतो आणि एका यानावर हल्ला करतो. त्या यानाचा तात्पुरता कप्तान बाकीच्यांना वाचवण्यासाठी एकटा मागे राहतो. त्याच वेळी एका लहान यानातून निसटलेल्या त्याच्या बायकोला मुलगा होतो. बाप रेडिओवरून मुलाचं रडणं ऐकतो, दोघं मिळून नाव ठरवतात, आणि बाप संपतो. मुलगा म्हणजे जेम्स कर्क. जुन्या गोष्टीत हा बाप जगलेला होता. आता तो मेला, म्हणजे इथून पुढचा सगळा इतिहास वेगळा.

मी काळोखात सरसावून बसलो. कारण ही युक्ती मला ओळखीची वाटली. लेखकांनी जुनं खातं खोडलं नव्हतं. जुनी खातेवही तशीच शाबूत ठेवून शेजारी नवी उघडली होती. जुन्या वहीत कर्कचा बाप जिवंत, नव्या वहीत मेलेला. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. बी.कॉम.ला आम्हांला एवढं चातुर्य शिकवलं नव्हतं.

आणि मग मध्यंतरानंतर बर्फाच्या ग्रहावर, एका गुहेत, तो भेटला. लिओनार्ड निमॉय. जुना स्पॉक. वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आणि कान तेच. सूडाने पेटलेल्या त्या माणसाबरोबर तोही जुन्या काळातून इकडे येऊन पडलेला. समोर पोरसवदा कर्क. म्हाताऱ्याने त्याला ओळखलं, कारण जन्मभराचा मित्र. पोराने ओळखलं नाही, कारण त्याच्या वहीत अजून ते पानच आलेलं नाही. माझ्या शेजारी काहीतरी हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाटलं सौ. बघतो तो मेहुणे.

पुढे हा म्हातारा तरुण स्कॉटीला एक गणिती सूत्र देतो, जे स्कॉटी स्वतःच पुढे कधीतरी शोधून काढणार असतो. स्वतःच्याच न ठेवलेल्या ठेवीवर मिळालेलं कर्ज! यात मला हरकत घ्यायला जागा होती, पण घेतली नाही. यानाच्या इंजिनघराचं चित्रीकरण लॉस एंजेलिसजवळच्या एका बिअरच्या कारखान्यात झालं होतं, हे मला नंतर मेहुण्यांनी दुःखाने सांगितलं. मला मात्र बरं वाटलं. मिठाच्या बाटल्यांची परंपरा वाढून बिअरच्या टाक्यांपर्यंत पोचली होती. खर्च सुमारे पंधरा कोटी डॉलर, जगभरचा गल्ला अडतीस कोटींच्या वर. शिवाय मेकअपचं ऑस्कर. या चित्रमालिकेला मिळालेलं पहिलंच.

२०१३चा पुढचा चित्रपट आला तेव्हा हा तोल जरा गेला. पुन्हा खान, पण या वेळी बेनेडिक्ट कंबरबॅच हा अस्सल इंग्रज. सिंग आडनावाचा माणूस मेक्सिकोमार्गे लंडनला पोचला. आणि काचेच्या कोठडीचा प्रसंग पुन्हा, फक्त उलटा. आत कर्क मरतोय, बाहेर स्पॉक. आमच्याकडे याला उलट नोंद म्हणतात. डेबिटचं क्रेडिट केलं की ताळा जमतो, पण नवा व्यवहार काहीच झालेला नसतो. थोड्याच वेळात कर्क जिवंतही होतो. मेहुणे तीन दिवस जेवले नाहीत असं मेव्हणीबाईंनी कळवलं. म्हणजे जुनं अजिबात टाकू नये हे जितकं खरं, तितकंच जुन्याची नुसती नक्कल म्हणजे शिल्लक नव्हे, हेही खरं.

आता मास्तरांकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. शनिवारी घरी गेलो तेव्हा पाटी निळी होती, सोमवारी आलो तेव्हा दुसरीच. आम्हीही रीबूट झालो. खात्यांचे नंबर बदलले, शिक्के बदलले, खुर्च्या मात्र त्याच राहिल्या. मास्तर त्या मार्चमध्ये आले ते नाडीने बांधलेला पासबुकांचा गठ्ठा घेऊन. वय ऐंशीच्या पुढे. नवं पासबुक छापून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिली ओळ बोट ठेवून वाचली.

"अहो साहेब, हे 'ओपनिंग बॅलन्स' म्हणजे काय?"

"गुरुजी, विलीनीकरणाच्या दिवशी तुमची जी शिल्लक होती ती."

"आणि त्याच्या आधीचं?"

"ते जुन्या सिस्टीममध्ये. तुम्ही काळजी करू नका, पैसे पैशाला बरोबर आहेत."

"पैशाचं कोण विचारतंय? मी इथं एकाहत्तर सालापासून आहे. यात तर मी परवाच आल्यासारखा दिसतोय."

त्यांनी गठ्ठ्यातलं सगळ्यांत जुनं पासबुक उघडून माझ्यासमोर धरलं. निळ्या शाईतलं, वळणदार अक्षर. रोख जमा रुपये पाच. खाली कुठल्याशा कारकुनाची सही. तो कारकून आता नसणार. मास्तर पानं उलटत गेले आणि मी, मागे चौदा माणसांची रांग असताना, बघत राहिलो. इथं मुलीच्या लग्नाला काढलेले. इथं सलग चार महिने थोडेथोडे काढलेले, तेव्हा घरातून दवाखान्यात होत्या. त्यानंतर काढणं एकदम थांबलं. रकमा कुणालाही वाचता येतील. मधला मजकूर फक्त त्यांनाच वाचता येत होता.

नियम असा, की जुनं पासबुक घ्यायचं, कोपरा कापायचा, 'रद्द' असा शिक्का मारायचा. मी शिक्का हातात घेतला, आणि का कोण जाणे, मला बर्फाची ती गुहा आठवली. जन्मभराची ओळख डोळ्यांत घेऊन म्हातारा समोर उभा आहे, आणि आपल्या वहीत त्याचं पान नाही. कोट्यवधी डॉलर घालून धंदा करायला बसलेल्या लोकांनासुद्धा त्याला गुहेत का होईना जागा ठेवावीशी वाटली. मग मी तर साधा कारकून.

मी शिक्का खाली ठेवला. खिशातलं पेन काढलं आणि नव्या पासबुकात, छापील पहिल्या ओळीच्या वर जी चिंचोळी जागा होती तिथं, जुना खाते क्रमांक लिहिला. त्यापुढे जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खाते सन १९७१ पासून. शिल्लक पुढे नेली.' खाली सही ठोकली. जुनी पासबुकं नाडी बांधून परत केली. मास्तरांनी ती ओळ वाचली, 'नेली'मधला दीर्घ ईकार तपासला, आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे." मास्तरांकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा मेहुणे आलेले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी २०१६चा तिसरा चित्रपट लावला, जो मी बघितलेला नव्हता. त्याआधी, २०१५च्या फेब्रुवारीत निमॉय गेले होते. चित्रपटातही जुना स्पॉक वारल्याची बातमी तरुण स्पॉकला येते. शेवटी त्याच्या सामानातली एक पेटी तो उघडतो. आत एक फोटो. जुन्या मंडळींचा, वय झालेल्या, गणवेशात ओळीने उभ्या असलेल्या. कर्क, उहुरा, सुलू, चेकॉव्ह, सगळे. तरुण स्पॉक तो फोटो नुसता बघत राहतो. त्याच्या वहीत हे लोक कधी म्हातारे झालेले नाहीत, आणि होतील ते वेगळेच होतील. नव्या चेकॉव्हचं काम करणारा अँटन येल्चिन तर चित्रपट लागायच्या महिनाभर आधी अपघातात गेला, सत्ताविसाव्या वर्षी. चित्रपट या दोघांना अर्पण केलेला आहे. खर्चाच्या मानाने गल्ला बेताचाच जमला, आणि त्या मंडळींचा चौथा चित्रपट काही झाला नाही. हिशेबाने बघायचं तर हे खातं तोट्यात. पण त्या फोटोची किंमत कुठल्या बाजूला लिहायची हे मला आजवर उमगलेलं नाही.

मेहुण्यांनी मग मला त्या नमस्काराचं मूळ सांगितलं. निमॉय ज्यू होते. लहानपणी बोस्टनच्या सिनेगॉगमध्ये त्यांनी पुरोहितांना आशीर्वाद देताना तशी बोटं धरलेली पाहिली होती. बऱ्याच वर्षांनी परग्रहावरच्या माणसाने नमस्कार कसा करावा असा प्रश्न आला, तेव्हा तीच बोटं वर आली. म्हणजे तीही मागची शिल्लकच!

"भावोजी, करून बघा," मेहुणे म्हणाले. मी पंजा उभा धरला. करंगळी आणि अनामिका नको तिथं वेगळ्या झाल्या, मधलं बोट थरथरायला लागलं. इतकी वर्षं नोटा मोजून बोटांना एकत्र राहायची सवय लागलेली. कन्येने पहिल्याच झटक्यात करून दाखवलं.

पुढच्या पेन्शनच्या दिवशी मी काउंटर उघडला तेव्हा समोर मास्तर. त्यांच्या मागे ओळीने अकरा पेन्शनर. प्रत्येकाच्या हातात नवं पासबुक, आणि काखेत नाडीने बांधलेला जुना गठ्ठा.

"हेच ते साहेब," मास्तर मागे वळून म्हणाले. "अक्षर बरं आहे."

मॅनेजरसाहेब केबिनमधून बघत होते. मी पेनाचं टोपण काढलं.